बिनवशिंडाची गाय

मी, उत्तमसिंग भीमसिंग राठोड, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती व गुरे, राहणार मोहाचा तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्या बावीस गुरांची नावे वयासकट विचारावीत.

१. घर व बरडाचे शेत पत्नी रामीबाईचे. तिच्यानंतर मुलगा खेमसिंग याचे.

२. गुरे खेमसिंगाची. मात्र म्हातारी चांदी गाय विकू नये. काम न करता मलाही पाच वर्षे पोसलेच आहे.

३. पोळ्याची झूल शेजारी फुलचंदने सात वर्षांपूर्वी नेली. ती आता त्यालाच दिली. मागून मागून मी थकलो.

४. ओसरीवरची तसबीर दारव्ह्याचे ड्रॉइंग मास्तर पुंडलिकराव यांची. त्यांनीच ती मला प्रेमाने दिली होती. हॉलंड देशातल्या जुन्या चित्राची छापील प्रत आहे. ओल्या कुरणात तीन गाई, मागे दूध काढणारी बाई. गुरुजी म्हणाले होते, हे लोक जसे दिसते तसेच काढतात. खरेच, शेपटीला वाळलेले शेणसुद्धा आहे. त्याचाच मला राग आला. शेण आठवले आणि वशिंड विसरला? मी दिव्याची काजळी तेलात कालवून तिघींना वशिंडे काढली.

गुरुजी आले, पाहिले. म्हणाले, "अरे, तिकडच्या गाईले वशिंड राहतच नाही."

"मंग तिचा गोऱ्हा जू कुठी टेकवते?" मी विचारले.

"अडाणी कुठला. चित्राचा सत्यानास केला तुनं."

सारा तांडा ऐकत होता. तेव्हापासून नऊ वर्षे ते आले नाहीत, आणि मला त्यांच्याशिवाय करमत नाही.

तर गुरुजी, काजळी काचेवर आहे, चित्रावर नाही. ओल्या फडक्याने निघते. हे त्याच दिवशी सांगता आले असते, पण अडाणी म्हटल्यावर मीही अडून बसलो. गेल्या दिवाळीत पुसून पाहिले. गाई मायाळू आहेत, वशिंडावाचून त्यांचे काही अडलेले नाही. तुमचे खरे होते. तरी वशिंडे पुन्हा काढून ठेवली आहेत, पुसायचा मान तुमचा म्हणून.

५. तसबीर कोणी पोचवू नये. गुरुजींनी स्वतः यावे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची गरज नाही, म्हणून या कागदाची एक नक्कल आजच त्यांच्याकडे पाठवीत आहे. फडके तसबिरीच्याच खुंटीला टांगले आहे.

वाचून, समजून सही केली.

उत्तमसिंग भीमसिंग राठोड

आमच्यासमोर सही झाली:
देवीलाल चव्हाण
अमरसिंग पवार

मोहाचा तांडा, ता. ९ मार्च १९६२