व्हॉल्व्हवर तुझा आवाज

आई, दादाकडून आत्ताच आले. कुणाशी बोलायचं त्राण नाही, म्हणून तुला लिहितेय. काळाचौकीची आपली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात दादा एकटा राहतो. वहिनी गेल्यापासून त्याला एकच नाद लागलाय. खोलीत तीन अँप्लिफायर मांडून ठेवलेत. एक जुना, व्हॉल्व्हचा. चालू केला की आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल होतात आणि त्या तापेपर्यंत वाट बघावी लागते. दुसरा ट्रान्झिस्टरचा, बोटीवरून सुट्टीवर येताना त्याने आणलेला. तिसरा त्याच्या मुलाने पाठवलेला, डिजिटल, मसाल्याच्या डब्यापेक्षाही लहान. दर रविवारी मला बोलावतो आणि एकच कॅसेट तिन्हींवर लावून विचारतो, "सांग, कुठला बरोबर वाटतो?" कॅसेटवर तू आहेस.

दादाने नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला होता, त्या दिवशीचं हे रेकॉर्डिंग. तू गिरणीतून नुकतीच आलीयेस, केसांत अजून कापसाचे तंतू आहेत. वाइंडिंग खात्यातल्या सूत गुंडाळणाऱ्या मशिनींच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलायची सवय, ती घरीही सुटायची नाही. तू नुसतं मीठ मागितलंस तरी शेजारणीला वाटायचं, भांडण लागलं. मी स्टोव्हपाशी उभी आहे, लक्ष टेपकडे. तू ओरडतेस, "गो, दूध उतू जाता मगे! कान खंय ठेवलंस?" मग मी घाईने पातेलं उचलते, ते खाली आदळतं. त्यानंतर टेपवर मी फारसं कधी ऐकलंच नाही. तोवर माझा हात आवाज कमी करायला व्हॉल्यूमच्या बटणाकडे गेलेला असायचा.

मागच्या महिन्यात आमचं वाजलं. व्हॉल्व्हवर तुझा आवाज गोल होतो, भरलेला, जवळून आल्यासारखा. ओरडण्याला धार राहत नाही. दादाने डोळे मिटले आणि म्हणाला, "हीच. हीच आपली आई." मी म्हटलं, "आई एवढी गोड कधी होती रे? ट्रान्झिस्टरवर लाव." त्यावर तू होतीस तशी आहेस, शब्दाला टोक असलेली, पातेलं तर कानातच आदळतं. डिजिटलवर सगळं स्वच्छ, बाहेरच्या नळाचं पाणीसुद्धा मोजून घ्यावं, पण तू कुठेतरी लांब, बारीक. दादा चिडला. "तुझ्या डोक्यात फक्त ओरडणारी आई बसलीय." मीही थकलेली, बोलून गेले, "ती अंथरुणाला खिळली तेव्हा तू बोटीवर होतास. तिला उचलून मोरीत मी नेत होते. त्या वर्षांतली आई तुला माहीतच नाही." मी त्याच्यासाठी नेलेला जेवणाचा डबा तिथेच ठेवून निघून आले. पुढचे काही रविवार गेलेच नाही.

आज गेले ते त्याचा फोन आला म्हणून. टेबलावर औषधांच्या शेजारी कानाच्या यंत्राची डबी होती, न उघडलेली. म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन्ही कानांतले वरचे सूर गेलेत. इंजिनरूममध्ये जन्म गेला ना." मग डबी बाजूला सरकवत म्हणाला, "तुला जी आई ऐकू येते ती मला येतच नाही गं. तिन्हींवर शोधत होतो. वाटलं, मशीन बदललं की येईल."

आई, मी उठले. चहा ठेवला. मग मीच व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू केला, नळ्या तापेपर्यंत त्याच्याजवळ बसले आणि कॅसेट लावली. तू ओरडलीस, पातेलं आदळलं, पण बोथट. माझा हात बटणाकडे गेला नाही. आणि मग तू, गिरणीतला आवाज खाली ठेवून, हळू म्हणालीस, "हात भाजलो नाय मां? बघू." दादाने माझ्याकडे बघितलं. "हे तर मला पहिल्यापासून ऐकू येतंय," तो म्हणाला. "म्हणून तर हीच आई म्हणत होतो. तुला काय वाटलं?"

जेवून तो आडवा झाला. मी उरलेल्या दोन्हींवर कॅसेट लावली, शेवटपर्यंत. ट्रान्झिस्टरवरही ते वाक्य होतं, डिजिटलवर तर तुझा श्वाससुद्धा. तिन्हींवर होतं.

हे दादाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्याला ते वाक्य फक्त व्हॉल्व्हवरच येतं असं वाटतंय तर वाटू दे. तुला तरी कुठल्या पत्त्यावर सांगणार? तुझ्यानंतर सासूबाईंचं केलं, मग ह्यांचं केलं, आता दादाचे डबे. जीव नकोसा झाला की मनात म्हणायचे, आईने ओरडून ओरडून कामाला जुंपलं ते अजून सुटत नाही. तेवढ्याने पुढचा दिवस ढकलता यायचा. तू टोचरी असलीस की मला बरं पडत होतं, आई. आता तू हात बघायला मागितलास, तर रागवायला कुणी उरलं नाही.