डावा कौल

नाहूर, मुंबई ८०
गुरुवार, २७ नोव्हेंबर १९८६

सौ. रुक्मिणीअक्कास,

तुला नि भावोजींना वनूचा नमस्कार, सुगंधाला आशीर्वाद. काजूगर आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठाची पुडी वाटेत फुटली होती, चाळून घेतलं. इकडे थंडी म्हणावी तशी नाही. ह्यांची वॉचमनची नोकरी ठीक आहे. गिरणी गेल्यावर वर्षभर या कामाला नाकं मुरडत होते, आता गणवेशाला घरी इस्त्री लागते. माझंही कारखान्यातलं पॅकिंगचं काम चालू आहे.

सुगंधाची सोयरीक जमते आहे हे वाचून बरं वाटलं. कुडाळची माणसं, मुलगा शाळेत मास्तर, सासू बोलायला साधी. झकास झालं की. साखरपुड्याची तारीख धरली की कळव.

रत्नाचं तू गेल्या दोन्ही पत्रांत विचारलंस. मी दोन्ही वेळा ‘अभ्यास चालू आहे’ असं लिहिलं. अभ्यास चालू नाही. दसऱ्यापासून तिने पुस्तक उघडलेलं नाही आणि दिवाळीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आता सगळं लिहिते. मधे थांबवू नकोस, म्हणजे पत्र टाकून देऊ नकोस.

श्रावणात सुरू झालं. पोरगी दोन-तीन तास झोपायची आणि ताजीतवानी उठायची. बोलायला लागली की थांबायची नाही, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मला वाटलं नववीत आली, अंगात हुशारी आली. गणपतीत तर तिने अख्खी चाळ डोक्यावर घेतली. आरास तिची, पोरांचं नाटुकलं तिचं, नाच तिनेच बसवला. बाया तोंडात बोटं घालायच्या. "वनमालाबाई, पोरगी नाव काढणार हां तुमची," म्हणायच्या, आणि मी फुगायची. खोटं कशाला बोलू, फार बरे दिवस होते ते.

मग तिने मालकाला न विचारता सगळ्या मजल्याचा पॅसेज पोपटी रंगाने रंगवला. माझी लग्नातली पैठणी समोरच्या बाईला देऊन टाकली, का तर तिला जास्त शोभते. शाळेत गणिताच्या बाईंना म्हणाली, तुम्ही बसा, मी शिकवते. आणि शिकवलंन, पोरींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा मी बाईंशीच भांडले. एका दुपारी आत्याकडे जाते म्हणून निघाली ती नाहूरपासून वाकोल्यापर्यंत अनवाणी चालत. तळपाय सोलले होते. "बसपेक्षा मी लवकर पोचते ना," म्हणाली आणि हसत सुटली. हसणं काही थांबेना.

शेजारची अँजेलिना, तुला आठवत असेल, मुलुंडच्या एका दवाखान्यात आया आहे, ती तेव्हाच म्हणाली, "हिला डोक्याच्या डॉक्टरला दाखव गं. आमच्याकडे असली पोरं येतात." मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तुला पत्र टाकलं, की गुरवाला सांगून देवाला कौल लाव. पोरीला डॉक्टरकडे न्यावं की नाही, एवढंच विचार. तुझं उत्तर आलं, कौल डावा पडला, देव नको म्हणतो, डॉक्टरचं नाव काढू नका, सोबत अंगारा पाठवला आहे. मी डोळ्यांना लावलं ते पत्र. ह्यांनाही वाचून दाखवलं. अंगारा रोज लावला. देवाने सांगितलं म्हटल्यावर आपण कोण, असं म्हणून मला सुटल्यासारखं झालं, ते वेगळंच.

दसऱ्यानंतर पोरगी विझली. दुसरा शब्द मला सुचत नाही. अंघोळ नको, वेणी नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. चहा दिला तर साय धरेपर्यंत तसाच. सहामाहीच्या पेपराला गेली नाही. मला वाटलं नाटकं. दोन महिने मिरवून घेतलं, आता अभ्यास नको म्हणून सोंग. अक्का, मी तिला मारलं. लाटण्याने मारलं, पाठीवर. तिने हातसुद्धा मधे घातला नाही. ओरडली असती तर मी थांबले असते असं मी स्वतःला सांगते, पण मला खात्री नाही.

भाऊबिजेला मी पाटाभोवती रांगोळी काढत होते. ती पडल्या पडल्या म्हणाली, "आई, मी नसले तर खोलीत जागा होईल ना तुम्हाला." मीठ संपलंय सांगावं तशी म्हणाली. मी रांगोळीचा डबा खाली ठेवला आणि अँजेलिनाच्या दारात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि हे, रत्नाला घेऊन सरकारी इस्पितळात गेलो. देवाचा कौल मोडला म्हण.

डॉक्टर तरुण आहे, बोलतो हळू. म्हणाला, तेव्हाचं ते उधाण आणि आताचं हे पडून राहणं, दोन्ही एकाच आजाराची टोकं आहेत. इतक्या लहान वयात लोक ओळखत नाहीत, पहिल्याला हुशारी म्हणतात आणि दुसऱ्याला आळस. मी मान खाली घातली. मग त्याने कागद ओढला आणि विचारलं, "घराण्यात कुणाला असा त्रास होता? आईकडे, वडिलांकडे?"

मी म्हटलं, नाही.

त्याने परत विचारलं. म्हणाला, "नीट आठवा. रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर मी वेगळी गोळी सुरू करीन. ती घेताना सारखं रक्त तपासावं लागतं, चौदा वर्षांच्या मुलीला उगाच द्यायची नाही. खात्री नसेल तर मला थांबून बघावं लागेल." मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही. त्याने तसं लिहून घेतलं. शेजारी हे बसले होते. ह्यांना काय माहीत? सोळा वर्षं संसार झाला, मी ह्यांना सांगितलंय की माझा एक भाऊ विषमज्वराने गेला.

कळलं ना आता पत्र कशासाठी आहे.

मी दहा वर्षांची होते तेव्हा. मला सहदेवदादाचं फार थोडं आठवतं. त्याने मला खांद्यावर बसवून अख्खा डोंगर चढवला होता आणि वर जाऊन म्हणाला होता, हे सगळं माझं आहे. मग तो पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला आठवतो. परवा रत्नाला तसंच पडलेलं बघितलं, तशीच ती पाठ, आणि मी स्टोव्ह पेटता ठेवून बाहेर गेले. त्यानंतर आठवते ती विहिरीवरची गर्दी, आणि तू माझे डोळे दाबून धरलेस. संध्याकाळी आबांनी आपल्याला समोर बसवलं. बाहेरगावच्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? ताप. किती दिवस? आठ. पाढ्यासारखं म्हणून घेतलं आपल्याकडून.

डॉक्टरची पुढची तारीख १८ डिसेंबर. मी त्याला खरं सांगणार आहे. पण तो विचारील, किती वर्षांचा होता, किती दिवस वर, किती दिवस खाली, आधी कसा वागायचा. मला ते माहीत नाही, तुला माहीत आहे. त्याचं सगळं तूच केलंस. तेव्हा तू एकोणीसची होतीस.

सुगंधाच्या सोयरिकीवर याची सावली पडेल हे मला कळतं. कुडाळकरांचे नातेवाईक भांडुपला आहेत आणि चाळीत काही झाकून राहत नाही. माझ्यामुळे तुझ्या लेकीचं लग्न मोडलं तर तू माझं तोंड बघू नकोस, मी समजून घेईन. पण माझी लेक मरायचं म्हणते आहे, अक्का. आता मला देवाचं नको, तुझं उत्तर पाहिजे.

तुझी,
वनू


शुक्रवार, ५ डिसेंबर १९८६

चि. वनूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या भावोजींनी आणून दिलं, मी गोठ्यात नेऊन वाचलं. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, चुकेल ते समजून घे.

आधी कौलाचं. कौल मी लावलाच नव्हता. देवळात गेले होते. चार माणसं बसलेली. गुरवाने विचारलं, "रुक्मिणी, काय विचारूचा हा?" मी म्हटलं, काही नाही, दिवा लावायला आले. पोरीच्या डोक्याचं नाव काढलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि कुडाळची माणसं चार दिवसांवर यायची होती. घरी येऊन मीच लिहिलं, डावा पडला. अंगारा आमच्या चुलीतला. देवाने तुला काही सांगितलं नाही, मी सांगितलं. दोन महिने पोरगी माझ्यामुळे घरात राहिली. तुझ्या लाटण्यापेक्षा ते मोठं आहे.

आता डॉक्टरसाठी लिहिते, त्याला वाचून दाखव. सहदेवला सोळावं चालू होतं. शिमग्याला सुरू झालं. झोपायचा नाही. वरच्या भरडावर, त्या खडकाळ माळात, एकट्याने दीडशे खड्डे खणले, काजू लावणार म्हणून, आणि एक रोप लावलं नाही. आबांची नवी धोतरं वाटून टाकली. गुरवाशी भांडला की देव माझ्याशी थेट बोलतो, तू मधे कोण. लोक हसायचे, त्याला बरं वाटायचं. असं वैशाखापर्यंत. मग मिरगाच्या सुमाराला पडला. जेवण मी भरवायचे. एकदाच बोलला, "अक्का, माका आता काय्येक करूचा नाय." दोन महिने तसा. आबांनी देवस्की केली, कोंबडे दिले. डॉक्टर मालवणात होता, पण माझं लग्न ठरत होतं म्हणून नेलं नाही. तो ताप माझ्या लग्नासाठी होता, वनू. तुला तेव्हा कळलं नाही.

आबांच्या आईची धाकटी बहीणही अशीच होती असं ऐकून आहे. तेही सांग.

कुडाळच्या माणसांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन की नाही ते आज मला माहीत नाही. सुगंधा माझीच पोर आहे. पण तू डॉक्टरला सांग. सहदेवचं नाव घालून सांग. अठरा तारखेची वाट बघू नकोस, हे पत्र पोचेल त्या दिवशीच जा.

एक राहिलं. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी सहदेव उठला. अंघोळ केलीन, पेज मागून घेतलीन, माझ्याशी हसला. मला म्हणाला, तू जा शेतावर, मी आहे बरा. मला इतका आनंद झाला की मी धावत लावणीच्या बायांना सांगायला गेले, माझा भाऊ बरा झाला. अर्ध्या तासाने आले.

रत्ना एखाद्या सकाळी अशी एकदम बरी दिसली, स्वतः उठून वेणी घातलीन, तुला म्हणाली की आई तू कामाला जा, तर जाऊ नकोस. नोकरी गेली तरी जाऊ नकोस. हे वाचत असशील तिथून उठ आणि आधी तिच्याजवळ जाऊन बस.

सहदेवची थोरली बहीण,
रुक्मिणी