अठ्ठ्याण्णव थेंब कशाला हवेत?

१८ डिसेंबर, सकाळी

घरात सगळ्यांना खाज सुटली आहे ती कापसाने की माझ्या तेलाने? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला सांगता येत नाही. पण अरोमाथेरपिस्टला सांगता आलं पाहिजे. म्हणून: कापसाने.

कारणं. समोरच्या खोलीत यंदाचा आतापर्यंतचा सगळा कापूस आढ्यापर्यंत भरला आहे, भाव चढेपर्यंत तो तिथेच राहणार. कापूस घरात आला की खाज येते, हे हिंगणीत सगळ्यांना माहीत आहे. माझं गवती चहाचं तेल आलं गेल्या आठवड्यात, तेव्हापासून घरभर त्याचा वास. आता खाज दुप्पट झाली हे खरं, पण कापूसही मध्ये वाढलाच ना.

मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री सत्तावन्न टक्के. वर चौदा दिवसांचा ऑनलाइन सुगंधोपचार कोर्स. गावाला या खाजेतून मी सोडवलं नाही तर कोण सोडवणार?

संकल्प: उद्यापासून सगळं शास्त्रीय. आधी पॅच टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं तेल लावून चोवीस तास वाट पाहायची.

१९ डिसेंबर

बाबांनी पॅच टेस्टला नकार दिला. म्हणाले, "माह्या हातावर कायले? बैल उभे आहेत, त्यांच्यावर कर."

आईने लगेच बाही वर केली. तेल लावलं. पाच मिनिटांत ती भांडी घासायला बसली, मग धुणं, मग वावरात. संध्याकाळी पॅच कुठे लावला होता ते दोघींनाही सापडेना.

वहीत नोंद: प्रतिक्रिया नाही.

मेणबत्तीवर तेल तापवून वास पसरवणारा डिफ्युझर बाबांनी उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. कापसाजवळ आग नको, म्हणाले. या एका मुद्द्यावर त्यांचं बरोबर आहे.

२१ डिसेंबर

अडचण. गवती चहाचं तेल दोन थेंब आणि खोबरेल अठ्ठ्याण्णव थेंब, असं प्रमाण आहे. पण थंडीने खोबरेल दगड झालं आहे. दर वेळी चुलीजवळ नेऊन वितळवायला आईला वेळ कुठे? पहाटे उठून ती कापूस वेचायला जाते.

विचार केला. औषध त्या दोन थेंबांत. अठ्ठ्याण्णव थेंब फक्त पसरवायला. मग आपल्या कष्टाच्या, राकट हातांना अठ्ठ्याण्णव थेंब कशाला हवेत?

थंडी कमी होईपर्यंत थेट लावायचं. तात्पुरतं. कोर्सच्या मॅडमना विचारणार होते, पण शंका विचारायची मुदत काल संपली.

२२ डिसेंबर, संध्याकाळ

माझं सुगंधोपचार केंद्र सुरू! ओसरीवर चटई, सर्टिफिकेट लॅमिनेट करून. सात बायका आल्या. आईच्या बरोबर वेचायला जाणाऱ्याच सगळ्या. सातही जणींना एकेक लहान बाटली दिली. पहिली बाटली फुकट, सेवाभाव.

सुगंधांबद्दल बोलले. लॅव्हेंडरने शांती, गवती चहाने उत्साह. शेजारच्या सुलोचनाकाकूंनी हुंगून पाहिलं आणि म्हणाल्या, "फरशी पुसल्यासारखं वाटून राह्यलं."

डोस सांगितला: दिवसातून दोनदा, तीन थेंब. काकू म्हणाल्या, "तीन थेंबानं का होते वो? पाठ आहे माही, पोस्टाचं तिकीट नाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. शेवटी "अंदाजाने लावा" असं ठरलं.

लोकांची भाषा समजून घेणं हेही शिक्षणच.

२५ डिसेंबर, दुपार

आईची मनगटं लाल दिसली. मी घाबरले नाही. याला हीलिंग क्रायसिस म्हणतात, शरीरातलं विष बाहेर पडतं. (कोर्समध्ये हे नव्हतं. एका व्हिडिओत होतं.)

आईने विचारलं, "किती दिवस निघते ते इष?" मी म्हटलं, पाच.

नंतर कळलं, वावरात ती सगळ्यांना सांगते आहे, "माह्या पोरीच्या तेलानं इष निघून राह्यलं." ऊर भरून आला.

२७ डिसेंबर

बाबांनी खाट गोठ्यात हलवली. कारण विचारलं तर म्हणाले, "बैलाचा वास निदान ओळखीचा आहे."

आज सकाळी सांगतात, खाज पूर्ण गेली. पाहा! कापसापासून दूर गेले, खाज गेली. म्हणजे कापूसच. त्यांनी माझं तेल एकदाही लावलेलं नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.

२९ डिसेंबर

सातपैकी एकही बाई दुसरी बाटली मागायला आली नाही. म्हणजे पहिलीच पुरते आहे. कमी तेलात जास्त आराम.

आई वावरात लुगड्यावर बाबांचा जुना शर्ट घालते, सगळ्याच वेचणाऱ्या घालतात. हल्ली घरीही काढत नाही. थंडी फार आहे.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचा संकल्प: मराठीत सुरक्षिततेची पुस्तिका. आज चार नियम लिहिले. डोळ्यांजवळ नेऊ नये. पोटात घेऊ नये. मुलांच्या हाती लागू देऊ नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

पाचवा लिहिताना पेन थोडं अडलं. "तेल कधीही थेट अंगाला लावू नये."

"कधीही" खोडून "शक्यतो" लिहिलं. पुस्तिका वास्तववादी हवी.

२ जानेवारी, सायंकाळ

आज आईने मला कणीक भिजवायला सांगितलं. तिने हे काम आजवर माझ्याकडे दिलं नव्हतं. "तू अभ्यास कर" एवढंच तिचं म्हणणं असायचं.

बाबा म्हणाले, वेचताना तिचं फडकं निम्मंही भरत नाही, बोंड धरवत नाही तिला. मी आईच्या शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत फोड.

विचारलं, लावणं थांबवलं का नाहीस? तर म्हणाली, "तू पाच दिवस म्हणली होती. मंग मले वाटलं, माह्या अंगात जास्त असन इष." आणि वर, "सुलोचना रोज विचारे, आराम आहे का. मी नाई म्हणलं असतं तं तुह्या केंद्रात कोन आलं असतं?"

वावराच्या बांधावर सगळ्यांच्या देखत ती तेल लावायची. रोज. मला दिसायला नको म्हणून घरी शर्ट.



३ जानेवारी

आईला आरोग्य उपकेंद्रात नेलं. नर्स सुधाताईंनी विचारलं, काय लावलं होतं? आई माझ्या आधी बोलली, "कापसानं झालं वो बाई."

मी म्हटलं, नाही. माझ्या तेलाने. काही न मिसळता लावायला मीच सांगितलं होतं.

सुधाताईंनी बाटली मागितली, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. "इथं लिहून आहे, पातळ करून लावा. तू शिकलेली आहे ना? वाचलं नाई?" वाचलं होतं. तसंच सांगितलं.

त्यांनी डॉक्टरांना फोटो पाठवून विचारलं आणि मलम दिलं. तेल बंद. आठ दिवस वेचणी बंद. वाढलं तर सेलूच्या दवाखान्यात दाखवायचं.

येताना आई म्हणाली, "कायले सांगितलं? माहं तं बरं झालंच असतं."

४ जानेवारी, दुपारी

सात घरांतून बाटल्या परत घ्यायचं ठरवलं आणि निघाले. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की आईचे हात माझ्या तेलाने भाजले, तुम्ही लावू नका.

सहा बाटल्या जवळजवळ भरलेल्या निघाल्या. पहिल्याच दिवशी आग झाली, म्हणून सगळ्यांनी ठेवून दिल्या होत्या. कोणी बोललं नाही. कोकिळाची (म्हणजे आईची) पोरगी शिकलेली आहे, तिचं मन काऊन मोडायचं, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. रोज दोनदा तेल लावणारी गावात एकच बाई होती.

सुलोचनाकाकूंची बाटली मात्र निम्मी झालेली. मी हादरलेच. कुठे लावलं काकू, दाखवा. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गुळाच्या डब्याभोवती तेलाचं रिंगण होतं. म्हणाल्या, "एक मुंगी येईन तं शप्पत. नाई देत मी वापस."

पेन मागून बाटलीवर मोठ्या अक्षरांत "अंगाला लावू नये" लिहिलं आणि ती तिथेच फळीवर ठेवून आले.