तीनच लिव

पालघर,
१५ जानेवारी १९८६

प्रिय नर्मदाताई,

तू पाठवलेले चिकू पोचले. निम्मे खोलीतल्या मैत्रिणींनीच फस्त केले. प्रबंधासाठी मी सातपाटीच्या मासे विकणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतेय, हे तुला कळवलंच होतं. तिथलंच एक सांगायचंय.

परवा जमनाबाईंकडे गेले. त्या बोंबील वाळत घालत होत्या, मी शेजारी उभी राहून विचारत होते. मुलं किती, तर म्हणाल्या तीन. आधी बोलण्यात दोन मुलीच आल्या होत्या. उत्तर जुळलं नाही तर पुन्हा विचारून खात्री करायची, असं सरांनी शिकवलेलं. म्हणून पुन्हा विचारलं. त्यांचे हात थांबले.

"दोन पोरी हायत, पोरगा गेला. पन तू तीनच लिव."

मी गडबडले. घाईघाईने पुढचा प्रश्न काढला, बाजाराला कधी निघता म्हणून. त्यांनी उत्तर दिलं, पण अगदी कोरडं. माझं मलाच कसंतरी झालं. मग कागद पिशवीत टाकले आणि विचारलं, त्याचं नाव काय होतं?

ताई, त्या खालीच बसल्या. हरेश्वर, म्हणाल्या. नुकता चालायला लागला होता, तापाने गेला. मुठीत सुका बोंबील धरल्याशिवाय झोपायचा नाही, हे सांगताना चक्क हसल्या, आणि मग रडल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. समजूत घालायला तोंड उघडत होतं, ते मिटून ठेवणंच फार अवघड गेलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "लोकांना वाटतं, आठवन काडली का मना तरास होईल. म्हनून कोन त्याचं नाव नाय घेत."

एसटीची वाट बघताना मला तू आठवत राहिलीस. तुझी लेक बारशाआधीच गेली. आईने पाळणा माळ्यावर टाकला आणि घरात तुझ्यासमोर कुणी पुन्हा तिचा विषय काढला नाही. तुला जपायचं म्हणजे असंच, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. येत्या रविवारी मी वाणगावला येतेय. तुला नको वाटलं तर आपण नुसत्या वाडीत हिंडू. पण सांगावंसं वाटलं, तर मला ऐकायचंय ताई, ती कुणासारखी दिसायची, आणि तिच्यासाठी तू मनात कोणतं नाव ठरवलं होतंस.

तुझीच धाकटी,
सुलू