पुतळीवरचा मारुती

प्रिय आई,

तुझा मारुती मी देव्हाऱ्यातून उचलून कपाटात ठेवला होता. दीड महिना झाला. काल मावशीनं त्यावरून माझी चांगलीच जिरवली, म्हणून आज लिहायला बसले.

झालं असं, देव्हाऱ्यातल्या तुझ्या सोन्याच्या पुतळीची, म्हणजे आपल्या मारुतीची, कडी तुटली. ती जोडायला भवानी पेठेतल्या सराफांकडे गेले. त्यांनी भिंग लावलं न् म्हणाले, "ताई, ह्यो मारुती न्हाय की! व्हेनिसचं जुनं सोन्याचं नाणं हाय, डुकाट."

मग काय, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे! घरी आले ते वाचतच बसले. पाण्यात वसलेलं एवढंसं राज्य, पण व्यापार केवढा! मिरी-मसाले न्यायचे आणि हे सोनं द्यायचे. पाचशे वर्षं नाण्यावरचं चित्र तेच, म्हणून लांबच्या बाजारातही लोक ते नाणं डोळे झाकून स्वीकारायचे. पुढं नेपोलियननं राज्यच बुडवलं. नाणी मात्र आपल्या बायकांच्या गळ्यात राहिली. वरच्या आकृत्या बघून आपल्या लोकांनी नाव ठेवलं पुतळी. पुतळीची माळ ती हीच! जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण हे मला माहीत नव्हतं, बोल!

नाण्यावर उभा आहे, ज्याला आपण राम म्हणायचो, तो त्यांचा ख्रिस्ती संत मार्क. गुडघा टेकून त्याच्याकडून झेंडा घेणारा तुझा मारुती म्हणजे तिथला राज्यप्रमुख. लहानपणी मी विचारलं होतं, "आई, मारुतीला शेपूट कुटं हाय?" गंध लावता लावता तू म्हणालीस, "झिजलं असंल. गप हात जोड." आठवून किती हसले मी!

पण शनिवारी गंधाचं बोट पुढं जाईना. परक्या राजाला कसं पुजायचं? म्हणून कपाटात ठेवला, तर देव्हाऱ्यातली ती रिकामी जागा बघवेना. तू भाबडेपणानं जे पुजलंस ते मी खोटं पाडलं, असं वाटून रडू यायचं.

काल मंद्रूपहून मावशी आली. देव्हाऱ्यात बघून म्हणाली, "मारुती कुटं गेला गं?" मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आक्काला ठावं व्हतं की."

"काय?"

"लग्नाआदीच. सोनारानं सांगितलेलं, परदेशातलं नाणं हाय म्हणून. आक्का म्हणली, कुणाचं का असंना. माजी आई रोज ह्याच्यापुढं बसायची. आता ह्यो आमच्या घरचाच."

अगं, मग मला का नाही सांगितलंस? मी तरी मोठेपणी कधी विचारलं म्हणा! आजीकडे ही पुतळी आली कुठून? कुठल्या बंदरात उतरली, मंद्रूपपर्यंत कुणी आणली? मावशीलाही ठाऊक नाही. तूही राहिली नाहीस, आता कुणाला विचारू?

आज सकाळी मारुती जागेवर ठेवला, गंध लावलं. एक शब्द देते. माझी नात विचारेल तेव्हा मी काही लपवणार नाही. व्हेनिस सांगेन, संत मार्क सांगेन, नेपोलियनही सांगेन. आणि मग सांगेन, माझी आई रोज ह्याच्यापुढं बसायची.

तुझी,
सुमन