डाव्या खुर्चीवरचा भाचा

२ सप्टेंबर, शनिवार
बुधवारी अग्येमांग मामा गेले. वय एकोणनव्वद. अंत्यसंस्कार १४ ऑक्टोबरला, तोवर मामा शीतगृहात. मला वाईट वाटतं आहे. पण कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं, कारण आमच्यात वारसा बहिणीच्या मुलांकडे जातो, एवढ्या मोठ्या कुटुंबाचा पुढचा प्रमुख आता भाच्यांतूनच निवडायचा. भाचे दोन. मी आणि मावसभाऊ याव बाडू. बाडूला माणसं मानतात. मला माणसं ओळखतात.
पोस्टरचं काम मी मागून घेतलं. मामांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा फोटो लावायचा. मध्ये मामा, उजवीकडे बाडू, डावीकडे मी, मागे सात जण.
संकल्प: फोटोत काडीचाही फेरफार होऊ द्यायचा नाही. फेरफार म्हणजे खोटी साक्ष.

४ सप्टेंबर, सोमवार
भिंगातून फोटो पाहिला. बाडू उजवीकडे कसा? मला पक्कं आठवतं, उजवीकडे मी होतो. बाडू सूप वाढत फिरत होता. ऊन कडक होतं, माझे बूट चावत होते.
बाकी सगळे केंटेची रंगीत वस्त्रं नेसलेले, मी एकटा कोट-टायमध्ये. बरं दिसतं. हात तर पंचविशीतले वाटतात. एकतीस वर्षं कोकोच्या गोण्यांचं वजन तपासलं, तरी हात राखले.

७ सप्टेंबर, गुरुवार
एबोच्या स्टुडिओत पोस्टरचा नमुना पाहिला. वाढदिवसाचा फोटोही यानेच काढलेला. मामांच्या सुरकुत्या गायब, वय चाळीस. मी चांगलंच झापलं. एबो म्हणाला, काका, गेलेल्या माणसाला जरा विश्रांती मिळाल्यासारखं दिसू द्यावं, घरचेच मागतात. मी म्हणालो, उद्या स्वर्गात त्यांना कुणी ओळखणार नाही. सुरकुत्या परत घालून घेतल्या.
निघताना माझे केस तेवढे काळे करायला सांगितले. पोटही थोडं आत. हा फेरफार नव्हे. मी तेव्हा तसाच होतो, कॅमेऱ्याला नीट दिसलं नाही इतकंच.
एबो माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. याला बाडूने फितवलं असावं.

११ सप्टेंबर, सोमवार
सापडलं. सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत. माझी सावलीच नाही. नऊ जणांच्या आहेत, एकाची नाही. म्हणजे नऊ सावल्या मागाहून घातल्या. बाडूला चिकटवल्यावर संशय येऊ नये म्हणून सगळ्यांनाच एकेक वाटली, मला वगळून. बाडू इतका हुशार असेल असं वाटलं नव्हतं.
माझी बायको सर्वा, तिला दाखवलं. ती म्हणाली, झाकून ठेवा तो फोटो आणि जेवायला बसा.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
कुटुंबाची बैठक. मी ठराव मांडला: जो कॉम्प्युटरने फोटोत घुसला असेल त्याला कुटुंबाच्या वतीने बोलण्याचा हक्क नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मोठ्या मावशीने विचारलं, नक्की ना रे बाळा? मी म्हणालो, नक्की. तिने पुन्हा विचारलं. बहिरी होत चालली आहे.
बाडू म्हणाला, मावशी, हा विषय राहू दे ना. अपराध्याला दुसरं काय सुचणार? मीच आग्रहाने पूर्वजांच्या नावाने दारूची धार जमिनीवर ओतायला लावली. आता शब्द मागे घेता येत नाही. झोप छान लागेल.

१९ सप्टेंबर, मंगळवार
सर्वाने विचारलं, त्या वाढदिवसाला आपण काय जेवलो? मी म्हणालो, फुफू आणि बकरीचं सूप. ती म्हणाली, आपण त्या दिवशी ताकोरादीला माझ्या बहिणीकडे केंके-मासळी खाल्ली, आमंत्रणपत्रिकेत तुमचं नाव बाडूच्या खाली छापलं म्हणून तुम्ही रुसला होता.
तो दुसरा वाढदिवस असणार. म्हणजे बाडू माझ्या बायकोपर्यंतही पोचला.

२१ सप्टेंबर, गुरुवार
एबोकडे मूळ फोटो मागितला. म्हणाला, जुना कॉम्प्युटर बंद आहे. मग म्हणाला, वीज नाही. मग म्हणाला, काका, कशाला. तीन कारणं म्हणजे पाणी मुरतंय. शनिवारी सगळ्यांसमोर दाखव, असा दम दिला.

२३ सप्टेंबर, शनिवार
एबोने दाखवला. उजवीकडे बाडू. मध्ये मामा. डावीकडे रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर मामांचा हात.
एबो हळू आवाजात बोलला. मामा दुसऱ्याच दिवशी माझा पासपोर्टचा फोटो घेऊन आले होते. म्हणाले, याला इथे बसव, रुसलाय, येईल तो. चेहरा तेवढा माझा. कोट, टाय आणि हात एबोच्या कॉम्प्युटरात तयार होते.
मामांनी सगळ्यांना बजावलं होतं, याला यातलं कुणी काही बोलायचं नाही. नऊ वर्षं कुणी बोललं नाही. बाडूसुद्धा.
आता बाडू म्हणाला, ठराव विसरू या. मावशी म्हणाली, ओतलेलं जमिनीने पिऊन टाकलं, आता कुठून उचलू?
बूट कुठले चावत होते, हे आठवून पाहिलं. बूट आठवतात. तो दिवस आठवत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
मामांना पोचवलं. नवा प्रमुख बाडू. पोस्टरवर फोटो कुठला लावायचा हे त्यानेच ठरवलं: मामांनी करून घेतलेला, माझ्यासकट. एबोने कामात कसूर केली नाही. केस काळेभोर, पोट नाही. चौकाचौकात मी.
मंडपात शेजारच्या गावचा एक म्हातारा माझ्या बाजूला बसला होता. पोस्टरकडे बघून त्याने विचारलं, तो टायवाला देखणा माणूस कोण हो?
मी म्हणालो, मामांचा भाचा.
म्हणाला, इथे कुठे दिसत नाही.
मी म्हणालो, तो तेव्हाही आला नव्हता.