मा सेइनची बाटली

मी, दॉ न्वे यी, वय एकाहत्तर, राहणार इन्सेन, रंगून, सरकारी औषध कारखान्यातून निवृत्त, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेलं नसताना हे लिहिते. आम्हा बौद्धांच्या मृत्युपत्राला कोर्ट विचारत नाही. माझ्या मुलाने, थूराने, मानलं तरी पुरे.

१. घर थूराचं. तोंडाला लावायचा थनाखा उगाळायची सहाण सुनेची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

२. थूराचे वडील कारखान्याचे घोडे सांभाळायचे; त्यांचा खरारा आमच्या मेजरसाहेबांना द्यावा. परदेशी औषधं बंद करून सगळं इथेच बनवायचं ठरलं, तेव्हा कारखाना त्यांच्या हाती आला. घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातून आम्ही घोणशीवरचं औषध काढायचो. घोडे थकलेत म्हटलं की म्हणायचे, "बाई, आकडा वरून आलाय. घोड्याला विचारून नाही." त्यांनी एकदा तरी एखाद्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा.

३. थूरा, आता तुझं. मामाच्या शेतात भात कापताना तुला घोणस चावली, तेव्हा इस्पितळात औषध नव्हतं. काळ्या बाजारातून आणलं, असं मी सांगितलं ते खोटं. कारखान्यातून नदीकाठच्या एका दवाखान्याला जाणाऱ्या पेटीतली बाटली मी काढली. पेटी मोजून जायची; एक कमी भरली असती तर तुझे वडील आणि मी तुरुंगात गेलो असतो. म्हणून तिच्या जागी विष न टोचलेल्या नव्या घोड्याची बाटली ठेवली. दिसायला अगदी तशीच.

तू उठून भात मागितलास. मग मी खरी बाटली मिळवून होडीने तो दवाखाना गाठला. उशीर झाला होता. ती खोटी बाटली मा सेइन नावाच्या कोळणीला टोचून झाली होती. ती जगली, कारण घोणस कोरडीच चावली होती, विष सोडलंच नव्हतं. मी औषधाच्या कारखान्यातली म्हटल्यावर ती माझ्या पाया पडली. मी तिला खरं सांगितलं नाही.

अकरा वर्षं ती दर थडिंजुटला, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायच्या सणाला, सुकी मासळी घेऊन येते, वाकते आणि म्हणते, "मावशी, तुमचं औषध नसतं तर माझी पोरं उघड्यावर पडली असती." ती मासळी माझ्या घशाखाली कधी उतरली नाही. तुझ्या ताटात मात्र वाढत राहिले. माझं चुकलं. तरी तो दिवस पुन्हा आला तर बाटली मी काढेनच, बाळा.

४. यंदा ती येईल तेव्हा मी नसेन. तिला वाकू देऊ नकोस. चटईवर बसव, सगळं सांग आणि तू तिच्या पाया पड. ती जे बोलेल ते माझ्या वाट्याचं आहे. ते मी तुझ्या नावे करते.

साक्षीदार: ऊ सान ल्विन, निवृत्त शिक्षक; दॉ म्या थी, शेजारीण.

सही: न्वे यी
इन्सेन, रंगून, ३ सप्टेंबर १९८७